स्टिअरिंग जड, पण पंप बिचारा निर्दोष

आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स संपवून कोल्हापुरात एका गॅरेजला लागलो तेव्हा माझं गणित सोपं होतं. पॉवर स्टिअरिंग जड झालं म्हणजे त्याला तेलाच्या दाबाची मदत देणारा पंप गेला. हे गणित चुकल्याचं मला एका 2005 सालच्या डिझेल जीपगाडीनं दाखवलं. नुकतंच पाना धरायला शिकलेल्या पोरांसाठी तीच हकीकत सांगतो.

गाडी पन्हाळ्याकडची. मालक म्हणाले, "वळणावर खांदं भरून येत्यात बघा." उस्ताद त्या दिवशी बाहेरगावी होते. मी बॉनेट उघडलं, स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीतलं तेल काळपट दिसलं आणि माझा निकाल लागला. रीकंडिशन, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला पंप आणला, बसवला, नवं तेल भरलं, एअर काढली. चक्कर मारायला निघालो तर गेटमधून बाहेर वळतानाच कळलं, फरक शून्य. मालक शेजारच्या सीटवर बसलेले. ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी तीनच प्रश्न विचारले. टायरमधली हवा बघितलीस? पुढची चाकं उचलून बघितलीस? जडपणा सारखा आहे का टप्प्याटप्प्यानं येतोय? तिन्हीला माझं उत्तर एकच, मान खाली.

मग गाडीचं पुढचं अंग जॅकवर घेतलं, खाली घोड्या लावल्या आणि इंजिन बंद ठेवून मला स्टिअरिंग हळूहळू फिरवायला सांगितलं. चाकं हवेत म्हटल्यावर जमिनीचं घर्षण गेलं. राहिलेला जोर पोलादाचा आणि तेलाचा, आणि तेलाचा जोर कसा एकसारखा लागतो. इथं तसं नव्हतं. थोडं सैल, मग घट्ट, परत सैल, परत घट्ट. एका पूर्ण फेऱ्यात दोनदा तिढा. उस्ताद म्हणाले, "क्रॉस धरलाय."

क्रॉस म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यातला यूजे, युनिव्हर्सल जॉइंट. दांडा कोनात वळतो तिथला हा सांधा. आधी दांड्यावर आणि तो ज्यात शिरतो त्या स्टिअरिंग बॉक्सच्या तोंडावर पांढऱ्या रंगाची खूण केली, म्हणजे परत बसवताना दाते चुकत नाहीत. चाकं सरळ ठेवली, बोल्ट काढून दांडा वेगळा केला आणि जॉइंट हातात घेतला. एका बाजूला तो लोण्यासारखा हलत होता. दुसऱ्या बाजूला दोन्ही हातांनी पिळला तेव्हा करकरला, आणि कपातून तपकिरी गंजाची भुकटी तळहातावर पडली. ग्रीस कधीच धुऊन गेलेलं. चाकाकडून उडणारा चिखल आणि सर्व्हिसिंगच्या प्रेशरचं पाणी यांचीच ही कामगिरी.

नवा पंप इथं का हरला, हे समजून घ्या, कारण बाकी सगळं निदान त्यावरच उभं आहे. बॉक्सच्या तोंडाशी एक बारीक टॉर्शन बार असतो. स्टिअरिंग फिरवलं की तो किंचित पिळला जातो, त्या पिळानं व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचं तेल दाबानं मदतीला येतं. म्हणजे मदत मिळते ती बारच्या खाली. हात आणि बॉक्स यांच्या मधे काही अडकलं, तर पंपाला त्याची खबरच नसते. तिथं तुमचा एकट्याचा जोर. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नसेल तरी हाच संशय घ्यावा. पण खालचे, चाकांकडचे बॉल जॉइंट म्हणजे गोल सांधे गंजले तरी तसंच होतं, म्हणून दांडा सोडवून वरचं आणि खालचं वेगवेगळं हलवून बघा.

आता मी आधी हवा बघतो. फुकटचं काम आहे, आणि हवा कमी असली तर स्टिअरिंग जड होणारच. मग उभ्या गाडीत थोडी रेस देऊन स्टिअरिंग फिरवतो. रेस दिल्यावर हलकं झालं तर बेल्ट सैल असेल नाहीतर पंप थकला असेल. पूर्ण वळवल्यावर किंचाळी येते ती बहुतेक बेल्टची. डबीत फेस दिसला तर कुठूनतरी हवा ओढतोय, डबीतून पंपाकडे तेल नेणाऱ्या सक्शन पाइपची क्लिप आधी बघा. एकाच बाजूला जड असेल तर पंपाला शिवू नका. पंप दोन्ही बाजूंना तेच तेल देतो, दोष बॉक्समधल्या व्हॉल्व्हचा किंवा सीलचा.

तेल झाकणावर लिहिलेलंच भरायचं. कमी पडलं म्हणून ब्रेक ऑइल ओतणारे महाभाग मी पाहिलेत, त्यानं सील फुगून वाट लागते. पूर्ण वळवून चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, तेल तापतं. आणि प्रेशर होजची, म्हणजे पंपातून दाबाचं तेल नेणाऱ्या नळीची गळती बोटानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. टायरमधली हवा असते 2 बारच्या आसपास, या होजमध्ये 70-80 बार सहज चढतात. कातडीतून आत जायला एवढा दाब पुरतो.

इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्यांचं प्रकरण वेगळं. तिथं तेलच नाही. मीटरवरचा दिवा, बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज, मग बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर, या क्रमानं बघायचं. टायर आणि यूजे मात्र तिथंही तेच.

जीपला नवा क्रॉस बसला आणि मालकांनी एका हातानं गाडी वळवून नेली. उस्तादांनी त्यांचा जुनाच पंप परत चढवायला लावला, क्रॉसचेच तेवढे पैसे घेतले आणि रीकंडिशन पंपाचे माझ्या पगारातून तीन हप्त्यांत कापले. तेल लागलेला पंप दुकानदार परत घेईना. तो अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाशी आहे, पेटी उचलताना जड लागतो.