आजोबा ब्रह्मदेशात लढले की इटलीत?

घरात सगळे सांगायचे, आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. सैन्यातून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात मात्र '३/५ मराठा' लिहिलेलं. ती तारीख नव्हे; पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. ती १९४४ मध्ये इटलीत होती, यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं तीच. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होती ती ४/५ सारखी बटालियन.

म्हणून असा शोध घेताना पहिल्यांदा बटालियन नीट वाचा. पुसट शाईत ३ आणि ४ फसवतात. मी पान खिडकीशी तिरपं धरून वाचलं. मग ट्रंकेतल्या पदकाची फीत पाहा. आमची लाल-पांढरी-हिरवी निघाली, म्हणजे इटली स्टार, इटलीत लढलेल्यांना मिळालेलं पदक. तेव्हा आजीला फार उशिरा विचारतोय याचं वाईट वाटलं.

नावावर विसंबू नका. आमच्याकडे एका कागदावर आडनाव, दुसऱ्यावर नुसतं वडिलांचं नाव. शिपाई नंबर, म्हणजे लष्कराने दिलेला क्रमांक, जुळला तरच माणूस तोच समजा. जिल्हाही तेव्हाचा लिहा: आमचा तासगाव तालुका आज सांगलीत आहे, पण भरतीच्या वेळी साताऱ्यात होता. बेळगावच्या मराठा रेजिमेंटला पत्र पाठवताना नंबर, बटालियन आणि जुना जिल्हा हे तिन्ही द्या. वय मात्र शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा. भरतीत पोरं वय वाढवून सांगत.