जुन्या पद्मिनीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला नवा रंग देताना

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन दुरुस्तीसाठी उघडलेच असेल, तर बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळका धूर गोळा करून धुराच्या नळीत सोडणारा भागही त्याच वेळी स्वच्छ करून रंगवून घ्यावा. गंजलेल्या नटांवर गंज सैल करणारे तेल सोडून ते रात्रभर मुरू द्यावे. घाईने पाना फिरवला तर स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा तुटतो आणि तो ड्रिलने काढण्यातच दिवस मोडतो. सुटा केलेला भाग डिझेलने धुऊन तारेच्या ब्रशने खरवडावा, बारीक भेगा तपासाव्यात आणि सिलिंडर हेडला टेकणाऱ्या पृष्ठभागाला मात्र ग्राइंडर लावू नये. याच वेळी अ‍ॅल्युमिनियमचे भाग उजळायचे असल्यास ते कॉस्टिक सोड्यात बुडवू नयेत, कारण सोडा मळाबरोबर धातूही खातो.

थिनरने तेलकटपणा पूर्ण पुसल्यावर सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता सोसणाऱ्या रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. साधा रंग येथे जळून पापुद्रे सुटतात. चकचकीत चंदेरी छटेपेक्षा मंद करडा रंग या जुन्या इंजिनाला अधिक शोभतो, असे माझे मत आहे. डब्यावरील सूचनेप्रमाणे रंग टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा आणि जोडताना गॅस्केट (सांध्यातून वायू गळू न देणारी पातळ चकती) नवेच वापरावे.