पहिल्या सोनोग्राफीला निघण्याआधी

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता, ते लिहून ठेवा. आधी लिहा, मग पुढचं वाचा.

आमच्या कॅलेंडरवर गॅसची टाकी कधी लावली, दुधाचा खाडा कधी, सगळं होतं. माझी पाळी तेवढी नव्हती. परभणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर मी ठोकून दिलं, "पोळ्याला." त्यांनी सात आठवडे धरले. पडद्यावर नुसती पिशवी, ठोके नाहीत. दोन आठवड्यांनी या म्हणाल्या. ते दोन आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. पुढच्या खेपेला ठोके लागले, बाळ झकास. मग आठवलं, महालक्ष्म्यांना मी बाहेर बसले होते, नैवेद्याला हातसुद्धा लावू दिला नव्हता! म्हणजे पोळ्यानंतर आठ दिवसांनी. एवढ्या फरकानं ठोके दिसत नाहीत.

सासूबाई पाळी चुकल्यापासून मोजतात, डॉक्टर शेवटच्या पाळीपासून. त्यातले पहिले दोन आठवडे पोटात बाळ नसतंच, तरी धरतात. वाद घालू नका, तारीख सांगा. पाळी मागंपुढं होत असेल तर तेही सांगा.

फॉलिक अ‍ॅसिड दिवस जायच्या आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाचा मेंदू आणि मणका जिच्यातून घडतो ती नळी सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस. तोवर कित्येकींना कळलेलंही नसतं. शुगर असेल किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर डोस डॉक्टरच ठरवतील. मनानं गोळ्या बंद करू नका.

आधारकार्ड, जुने कागद. पोटावरून बघणार असतील तर लघवी भरलेली लागते. पण पाणी स्टँडवर उतरल्यावर प्या, एसटीत नको. मुलगा की मुलगी विचारू नका, कुणाला विचारूही देऊ नका. गुन्हा आहे.

आठव्या आठवड्यात बाळ दीड सेंटीमीटरचं असतं, हाताची बोटं फुटायला लागलेली. बाराव्यात पाच-साडेपाच. एनटी सोनोग्राफी, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती, ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच होते. पुढं गेलात की ती हुकली. आता कळलं तारीख का? पहिल्या सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून तारीख बदलून दिली तर तीच धरा, आपली जुनी घोकत बसू नका.

रक्त जायला लागलं, एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, तर सोयाबीन रानातच राहू द्या, दवाखाना गाठा.

बाकी नेहमीचंच. आशाताईकडे नाव, रक्त-लघवी, रक्तगट. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी असते. कार्डावर पाळीची तारीख कोणती लिहिली, तेवढी वाचून बघा.