कांदा परतताना घाई नको
कांद्यात जवळजवळ 90 टक्के पाणी असते आणि ते आटेपर्यंत त्याचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. खमंग तपकिरी रंग मात्र साधारण 140 अंशांच्या पुढेच झपाट्याने येतो. म्हणून पसरट, जाड बुडाचे भांडे घ्यावे, कांदा एकसारखा चिरावा आणि सुरुवातीलाच चिमूटभर मीठ घालावे, म्हणजे पाणी लवकर सुटते. आच मध्यम ठेवावी. मोठ्या आचेवर कडा करपतात, आतला भाग कच्चा राहतो आणि तो कडवटपणा पुढे कशानेही झाकला जात नाही, असे माझे ठाम मत आहे. तळाशी तपकिरी थर धरू लागल्यास चमचाभर पाणी शिंपडून तो खरवडावा व कांद्यातच मिसळावा. पदार्थाची खरी चव तिथे असते.