मानसिक आजाराने बोर्ड आऊट होताना या चुका टाळा

गोळी लागून जवान घरी आला की अख्खं गाव भेटायला येतं. डोक्याच्या आजाराने आला की घरचेच सांगतात, 'रजेवर आलाय.' ही लपवाछपवी पुढे फाईलमध्ये नडते, कारण पेन्शनचा निर्णय कागदावर होतो आणि लाजेपोटी नेमके तेच कागद तयार होत नाहीत.

आधी थोडी माहिती. सैन्यात प्रकृतीची प्रतवारी 'शेप' या पाच अक्षरांवर ठरते. त्यातलं एस म्हणजे मानसिक स्वास्थ्य. एस-१ म्हणजे ठणठणीत, एस-५ म्हणजे नोकरीला अपात्र. मधल्या पायऱ्यांवर माणूस लो मेडिकल कॅटेगरीत असतो, औषधं चालू असतात, ठरावीक मुदतीने तपासणी होते. पुष्कळ जण त्या पायरीवरूनच बरे होऊन ड्युटीवर परततात. एस-५ लागलं की इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड, म्हणजे आजारामुळे नोकरीतून काढण्यासाठीचं डॉक्टरांचं मंडळ बसतं. यालाच सगळे 'बोर्ड आऊट' म्हणतात.

रजा संपली तरी घरीच ठेवून घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पोरगा झोपत नाही, एकटाच बडबडतो, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय म्हणतो. घरचे देवऋषी बघतात, मग तालुक्याचा डॉक्टर, आणि युनिटला काहीच कळवत नाहीत. विनापरवानगी गैरहजेरीचे ३० दिवस भरले की आर्मी ॲक्टच्या कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि आजारी माणूस कागदोपत्री पळपुटा ठरू शकतो. त्यानंतर आजाराचा पुरावा गोळा करत बसणं फार जड जातं.

रजेत त्रास सुरू झाला तर त्याला जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात न्या. ते लांब असेल आणि तातडीने सरकारी दवाखान्यात भरती करावं लागलं, तर त्याच दिवशी युनिटला लेखी कळवा आणि भरतीचा कागद सोबत जोडा. सुभेदार साहेबांशी फोनवर बोलणं झालं, एवढ्यावर थांबू नका. फोन फाईलला लागत नाही. मधल्या काळात बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी याच सेवेचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू आहे.

'अर्ज टाक आणि ये'

आईचा जीव तुटतो, बायको रडते, आणि पोरगा घरगुती अडचणीचं कारण देऊन स्वतःहून डिस्चार्ज मागतो. जवानाला नेहमीची पेन्शन साधारण १५ वर्षांच्या नोकरीवर मिळते. आठव्या-नवव्या वर्षी अशा अर्जावर बाहेर पडलेल्याच्या हाती फारसं काही लागत नाही. उपचार चालू असतील तर अर्ज टाकू नका. वैद्यकीय मार्गानेच जे व्हायचं ते होऊ द्या.

डॉक्टरसमोर सैल बोलणं

मानसोपचारतज्ज्ञ विचारतात, 'आधी कसा होता?' भाऊ सहज बोलून जातो, 'लहानपणापासूनच हळवा हो, चुलताही असाच होता.' वाक्य साधं, पण बोर्डाच्या कागदावर उतरलं की त्याचा अर्थ होतो: आजार मुळातलाच, नोकरीशी संबंध नाही. खोटं अजिबात बोलू नका. घराण्यात आजार असेल आणि विचारलं तर सांगा. मात्र भरतीच्या वेळी तो तंदुरुस्त ठरला होता, दहावी-बारावी नीट झाली होती, पहिली लक्षणं अमुक पोस्टिंगवर दिसली, हेही त्याच दमात सांगा. मायेपोटी केलेलं वर्णन म्हणजे आजाराचा इतिहास नव्हे.

असल्या केसमध्ये कमांडिंग ऑफिसरचा अहवालही लागतो, एएफएमएसएफ-१०. त्यात माणसाचं वागणं आणि नोकरीतले ताण नोंदवायचे असतात. कुठली पोस्टिंग, उंचावरची की फिल्डमधली, सलग किती रात्री गार्ड ड्युटी, सोबतच्याचा मृत्यू समोर पाहिला का, रजा नाकारली गेली का, हे तारखांसह एका कागदावर लिहून कंपनी कमांडरकडे वेळेत पोचवा. अहवाल गेल्यावर आठवून काही उपयोग नाही.

बोर्डाच्या आधी गोळ्या बंद करणं

कुणी 'फिट दिसावं' म्हणून बंद करतो, कुणी 'अपंगत्वाचे टक्के वाढावेत' म्हणून. दोन्ही वेडेपणाच. आजार उलटतो आणि उपचाराला सहकार्य नाही असा शेरा पडतो.

नकाराचं पत्र आलं की गप्प बसणं

बोर्डाचा कागद म्हणजे एएफएमएसएफ-१६. त्यात दोन गोष्टी बघा: अपंगत्वाचे टक्के, आणि आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला असं म्हटलंय का. सेवेमुळे झाला आणि सेवेमुळे वाढला हे दोन्ही नाकारलं असेल तर त्याला जवान 'नाना' (इंग्रजी शेऱ्याचं लघुरूप) लागला म्हणतात. प्रत मागून घ्या. कारण दिलंय की नुसताच ठोकळेबाज शेरा आहे, तेही पाहा. शेऱ्यामागचं कारण नोंदवलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्किझोफ्रेनियाच्याच एका प्रकरणात बजावलं आहे.

पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं. ते फेटाळलं तर दुसरं, तेही सहा महिन्यांत. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण; महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचं पीठ मुंबईत आहे. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे झाला तर गृहीतक जवानाच्या बाजूने धरायचं, हे २०१३ च्या धरमवीर सिंग निकालाने ठरवलं. पण तेवढ्यावर विसंबू नका. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की मानसिक आजार भरतीच्या तपासणीत सापडेलच असं नाही, आणि पेन्शन नाकारली. म्हणून तर वरच्या तारखा आणि पोस्टिंग महत्त्वाच्या. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्व पेन्शनचे नवे नियम लागू झालेत. त्यानंतर बाहेर पडलेल्याने शेजारच्या काकांचा जुना अर्ज उतरवून काढू नये.

टक्क्यांबद्दलही एक गैरसमज आहे. बोर्ड आऊट झालेल्याचं मान्य अपंगत्व ५० टक्क्यांच्या खाली असलं तरी पेन्शनसाठी ते ५० धरतात, ५० ते ७५ चे ७५, आणि त्यापुढचे सगळे १००. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर हा आकडा चढलाय का ते तपासा, कारण पूर्ण १०० टक्क्यांना पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो आणि बाकीचं त्याच प्रमाणात. आकडा चुकला असेल तर आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी कळवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं सागरला. अर्ज लिहायला कुणी नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि बोर्डाची प्रत यांच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवून येऊ नका.