दोनच रकाने असलेला अर्ज कसा भरावा

नॉनबायनरी व्यक्ती, म्हणजे स्वतःला केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष न मानणारी व्यक्ती, अर्ज भरायला बसली की नाव, जन्मतारीख आणि पत्ता सहज लिहून होतात; मग ‘लिंग’ या शब्दापुढे ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ असे दोनच चौकोन दिसतात आणि पेन थांबते. संकेतस्थळावर तर त्या शब्दाशेजारी लाल तारांकन असते आणि दोहोंपैकी एकावर खूण केल्याशिवाय ‘पुढे’ हे बटण दाबताच येत नाही. अशा वेळी वैतागून काहीतरी निवडणे किंवा अर्जच अर्धवट सोडून देणे, हे दोन्ही मी अनेकदा केले आहे. पुढे अनुभवाने एक सवय लागली, तीच येथे मांडायची आहे. खूण करण्याआधी मी स्वतःला विचारायला शिकलो-शिकले या भानगडीत न पडता एवढेच म्हणेन की हा प्रश्न आता आपोआप मनात येतो: हे उत्तर पुढे कशाशी ताडून पाहिले जाणार आहे? ओळखपत्राशी, शरीराशी, लोकांच्या मोजणीशी, की कशाशीच नाही?

उत्तर ओळखपत्राशी जुळवले जाणार असेल, तर ओळखपत्रावर जे छापले आहे तेच लिहावे. बँकेचे खाते, विमा, विमानाचे तिकीट, व्हिसा आणि परीक्षेचे प्रवेशपत्र या गटात येतात. ओळखपत्रावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ आहे आणि समोरच्या अर्जात ‘इतर’ हा पर्याय दिसतो आहे, अशा वेळी तो निवडावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु दोन नोंदींमध्ये तफावत पडली की विम्याचा दावा किंवा परीक्षेचा प्रवेश अडू शकतो आणि ती दुरुस्त करण्याची धावपळ अर्जदारालाच करावी लागते. येथे आपण स्वतःशी खोटे वागत आहोत, असे मनाला लावून घेऊ नये. एका कागदावरची नोंद दुसऱ्या कागदावर उतरवली जात आहे, इतकाच त्या खुणेचा अर्थ असतो. तिसऱ्या रकान्याचे नाव ‘ट्रान्सजेंडर’ किंवा ‘तृतीयपंथी’ असेल, तर अधिक जपून राहावे, कारण काही ठिकाणी त्या शब्दांना कायद्याने ठरवलेला अर्थ असतो आणि त्यासाठी प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते.

ज्यांच्या पासपोर्टवरच लिंगाच्या जागी ‘एक्स’, म्हणजे स्त्री किंवा पुरुष असे न नमूद करणारी नोंद आहे, त्यांची अडचण उलट्या बाजूने येते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात पासपोर्टसाठी ‘एफ’ (स्त्री), ‘एम’ (पुरुष) आणि ‘एक्स’ अशा तीन नोंदी मान्य आहेत, आणि पानाच्या तळाशी यंत्राने वाचण्यासाठी छापलेल्या दोन ओळींमध्ये ‘एक्स’च्या जागी ‘<’ हे कोनाकार चिन्ह येते. म्हणजे पासपोर्ट वाचणाऱ्या यंत्रासाठी ही नोंद नवखी नाही. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळावर मात्र दोनच पर्याय असू शकतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी विमान कंपनीला लेखी विचारावे, मिळालेले उत्तर छापून सोबत ठेवावे आणि ज्या देशात उतरायचे आहे त्याच्या व्हिसाच्या अर्जात ‘एक्स’ स्वीकारले जाते का, तेही पाहावे. शिवाय नियम बदलतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा हे देश ‘एक्स’ची नोंद असलेले पासपोर्ट देतात, अमेरिकेने २०२२ मध्ये अर्जदारांना हा पर्याय खुला केला आणि २०२५ मध्ये नवे ‘एक्स’ पासपोर्ट देणे थांबवले. म्हणून कोणाच्या जुन्या अनुभवावर न विसंबता, अर्ज करायच्या दिवशी लागू असलेला नियमच वाचावा.

दवाखान्यातल्या अर्जाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण तिथे चुकीच्या खुणेचा परिणाम प्रकृतीवर होऊ शकतो. एकदा एका दवाखान्यात मी हा रकाना कोरा ठेवला. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने मान वर करून क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि स्वतःच्याच पेनाने एका चौकोनात बरोबरची खूण केली. मला एका शब्दानेही विचारले नाही. ती निळी खूण पुढे माझ्या प्रत्येक अहवालावर छापून येत राहिली. रकाना कोरा ठेवला म्हणजे तो कोरा राहतोच असे नाही, हे मला त्या दिवशी कळले. दोन्ही चौकोनांवर खूण केली तरी तेच होते, कारण संगणकात नोंद करणारा माणूस दोहोंपैकी एक निवडून मोकळा होतो.

वैद्यकीय अर्जातील या एका रकान्यावर बरेच काही अवलंबून असते. रक्तातील हिमोग्लोबिनचेच पाहा: जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रौढ पुरुषांमध्ये १३ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आणि गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रियांमध्ये १२ पेक्षा कमी प्रमाण असल्यास रक्तक्षय मानला जातो. म्हणजे १२.५ हा एकच आकडा एका खुणेखाली ठीक ठरतो आणि दुसऱ्या खुणेखाली आजार ठरतो. रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ घटकावरून मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज बांधण्याच्या सूत्रातही लिंगाची नोंद वापरली जाते. कोणी टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन घेत असेल, तर काही महिन्यांत हिमोग्लोबिनचे प्रमाण त्या संप्रेरकाप्रमाणे सरकते, आणि मग जन्माच्या वेळच्या नोंदीशी केलेली तुलनाही दिशाभूल करू शकते. जिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे निरोप नोंदीवरून आपोआप धाडले जातात, तिथे ‘पुरुष’ अशी नोंद असलेल्या परंतु गर्भाशयमुख असलेल्या व्यक्तीला तो निरोप जातच नाही.

म्हणून दवाखान्यात खूण करावी, पण तिच्यावर थांबू नये. तिच्याशेजारी किंवा अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन वाक्ये लिहावीत, आणि ती घरूनच लिहून नेलेली असावीत, कारण रांगेत उभे राहून नेमके शब्द सुचत नाहीत. उदाहरणार्थ: ‘मी नॉनबायनरी व्यक्ती आहे, वरील खूण केवळ नोंदीपुरती आहे. उपचारासाठी आवश्यक असलेली अवयवांची आणि चालू संप्रेरकांची माहिती मी डॉक्टरांना प्रत्यक्ष सांगेन.’ यामुळे खिडकीवरच्या माणसाला जेवढे कळायला हवे तेवढेच कळते आणि डॉक्टरांना सगळे कळते.

दुकानाचे सदस्यत्व, कार्यक्रमाची नावनोंदणी, वाय-फायसाठी भरून घेतला जाणारा अर्ज यांना आपले लिंग कळण्याची काहीच गरज नसते. रकाना ऐच्छिक असेल तर सोडून द्यावा. सक्तीचा असेल तर काहीही निवडून पुढे जावे आणि त्यावर मनःशांती खर्चू नये. मात्र ताकद असेल तेव्हा एक पत्र जरूर लिहावे. युरोपीय न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या निकालात म्हटले आहे की रेल्वेचे तिकीट विकण्यासाठी ग्राहकाला ‘मस्यू’ (श्रीयुत) की ‘मदाम’ (श्रीमती) हे सांगायला लावणे वस्तुतः आवश्यक नाही. हे प्रकरण फ्रान्समधील असले आणि तो निकाल युरोपीय संघापुरताच बंधनकारक असला, तरी त्यामागचा प्रश्न कोणत्याही कंपनीला विचारता येतो: ही माहिती तुम्हाला नेमकी कशासाठी हवी आहे?

पत्रात तक्रारीच्या जोडीने उपायही सुचवावा, म्हणजे ते वाचणाऱ्याला काम करणे सोपे जाते. ‘आमच्या संगणकप्रणालीत तशी सोय नाही’ हे उत्तर हमखास येते, तेव्हा एक गोष्ट ठाऊक असावी. लिंगाची नोंद साठवण्यासाठी आयएसओ ५२१८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात चार संकेतांक आहेत: १ म्हणजे पुरुष, २ म्हणजे स्त्री, ० म्हणजे माहीत नाही आणि ९ म्हणजे लागू नाही. ज्या प्रणाली हे मानक पाळतात त्यांच्यात पडद्यावर दोनच पर्याय दिसत असले तरी आत आणखी दोन जागा आधीपासून असतात. पत्र लिहिताना स्वतःचा उल्लेख ‘अर्जदार’ असा आदरार्थी बहुवचनात करावा. ‘अर्जदार मागणी करीत आहेत’ या वाक्यात मराठीचे व्याकरण कोणालाही स्त्री किंवा पुरुष ठरवत नाही, आणि कार्यालयीन पत्राला तीच भाषा शोभते.

जनगणना आणि निनावी सर्वेक्षणे यांचा विचार निराळा करावा. तिथे उत्तर ओळखपत्राशी जुळवले जात नाही आणि योग्य पर्याय उपलब्ध असेल तर तोच निवडावा, असे माझे ठाम मत आहे. कॅनडाने २०२१ च्या जनगणनेत जन्मवेळचे लिंग आणि लिंगभाव (व्यक्ती स्वतःला काय मानते) असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारले, तेव्हा १५ वर्षे आणि त्यावरील वयाच्या ४१,३५५ व्यक्तींची नोंद नॉनबायनरी म्हणून झाली. आधीच्या जनगणनांमध्येही अशी माणसे होतीच. प्रश्नच नसल्यामुळे ती दोन रकान्यांत विरून गेली होती. ‘इतर’पुढे लिहायला रेघ दिलेली असेल, तर ती कोरी न सोडता आपला शब्द सुवाच्य अक्षरांत लिहावा.

कोणताही अर्ज पाठवण्याआधी, हे उत्तर कोणाच्या नजरेस पडेल याचा विचार करावा. कुटुंबाच्या विम्याची कागदपत्रे घरच्या पत्त्यावर येतात, आणि नोकरीच्या ठिकाणी भरलेला अर्ज एकापेक्षा अधिक टेबलांवरून फिरतो. घरी किंवा कामावर सांगण्याची वेळ अजून आलेली नसेल, तर जुनीच खूण करणे हा शहाणपणाचा निर्णय आहे आणि त्याबद्दल कोणाला स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

शेवटची सूचना अगदी साधी आहे. मी एक छोटी वही ठेवली आहे. तिच्या प्रत्येक ओळीत संस्थेचे नाव, तारीख आणि तिथे केलेली खूण लिहिलेली असते. पुढे ओळखपत्रातली नोंद बदलली, तर आधी ज्या कागदावरून बाकीचे कागद बनतात तो बदलून घ्यावा, त्यानंतर बँक आणि विमा, आणि मग वहीतली एकेक ओळ खोडत खाली यावे.