गावात राहून परदेशी ग्राहकांची कामे: व्यवसायाचे स्वरूप आणि कर

काटोल, वरुड किंवा पुसदकडच्या एखाद्या गावात राहून अमेरिकेतील वा युरोपातील ग्राहकासाठी सॉफ्टवेअर, आराखडे किंवा तांत्रिक सल्ल्याचे काम करणाऱ्याला बहुतेक जण आधी कंपनी काढण्याचा सल्ला देतात. माझे मत वेगळे आहे. काम एकट्याचे असेल आणि भागीदार नसेल, तर प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा व्यवसाय, पुरेशी आहे. तिच्यासाठी स्वतंत्र नोंदणी लागत नाही आणि स्वतःचा पॅन हाच व्यवसायाचा पॅन असतो. चालू खाते उघडताना बँक व्यवसायाचा पुरावा मागते, तेव्हा उद्यम, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचे, प्रमाणपत्र कामी येते. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर निःशुल्क होते, त्यामुळे तिच्यासाठी कोणी हजारभर रुपये मागत असेल तर ते त्याचे मानधन समजावे, सरकारी फी नव्हे.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन संचालक लागतात आणि वर्षभरात एक रुपयाची उलाढाल झाली नाही तरी लेखापरीक्षण चुकत नाही. एलएलपीच्या (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीच्या) नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर लागतो, आणि पुढे सांगितलेली अनुमानित उत्पन्नाची सवलतही तिला मिळत नाही. ग्राहक कंपनीशिवाय करारच करत नसेल, किंवा नुकसानभरपाईचा दावा घरादारावर येण्याची खरी भीती असेल, तरच या वाटेला जावे.

ती सवलत म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४४ एडीए. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी ही तरतूद कायम आहे. अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान, लेखाकर्म अशा ठरावीक पेशांना वार्षिक जमा (कामापोटी मिळालेली एकूण रक्कम) ५० लाखांपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. उरलेला निम्मा भाग खर्च धरला जातो, त्यामुळे इन्व्हर्टर किंवा इंटरनेटच्या पावत्यांची वेगळी वजावट मिळत नाही. अनुवाद, लेखन यांसारखी कामे या यादीत स्पष्टपणे येत नाहीत. ती करणाऱ्यांनी पहिल्याच वर्षी सनदी लेखापालाला विचारून घ्यावे.

उदाहरण घेऊ. वर्षाची जमा १८ लाख असेल तर उत्पन्न ९ लाख धरले जाते, आणि २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट (करातील सूट) असल्याने कर शून्य येतो. जमा ३० लाख असेल तर उत्पन्न १५ लाख, आणि उपकरासह कर १,०९,२०० रुपये. परदेशी ग्राहक पैसे देताना आपला कर (टीडीएस) कापत नाही, म्हणून ही सगळी रक्कम आपल्यालाच आगाऊ करापोटी भरावी लागते. अनुमानित पद्धतीत ती एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरता येते. ते हरभरा घरात येण्याचे दिवस असतात आणि तारीख सहज निसटते. निसटली की व्याज लागते.

आपल्या भागातील घरांत शेती असतेच, आणि गुंता होतो तो इथेच. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते ५,००० रुपयांवर असेल, तर कराचा दर ठरवताना इतर उत्पन्नात मिळवले जाते. वरच्या ३० लाखांच्या उदाहरणात स्वतःच्या नावावरच्या संत्र्याच्या बागेचे निव्वळ ३ लाख असतील, तर कर १,०९,२०० ऐवजी १,५०,८०० रुपये होतो. शिवाय अशा व्यक्तीला आयटीआर-४ हे सोपे विवरणपत्र भरता येत नाही; आयटीआर-३ भरावे लागते. सातबारा वडिलांच्या नावावर असून बागही तेच कसत असतील, तर ते उत्पन्न त्यांचे. ते आपल्या विवरणपत्रात ओढू नये. डॉलरमध्ये आलेली रक्कम शेतीची म्हणून दाखवण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या सल्लागाराकडे पुन्हा जाऊ नये, कारण बँकेच्या नोंदीत पाठवणाऱ्याचे नाव आणि कारण दोन्ही असतात.

याच ओघात पीएम-किसानचाही विचार करावा. मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरलेली व्यक्ती या योजनेला अपात्र ठरते, आणि योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले असे धरले जाते. म्हणजे नवऱ्याने कर भरला तर बायकोच्या नावावरचा हप्ताही जातो. केवळ विवरणपत्र भरणे आणि प्रत्यक्ष कर भरणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जीएसटीची नोंदणी सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, आणि या उलाढालीत निर्यात, म्हणजे परदेशी ग्राहकांचे काम, हीसुद्धा मोजली जाते. नोंदणीत दिलेले घर वडिलांच्या नावावर असेल तर पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल किंवा घरपट्टीची पावती आणि त्यांचे संमतीपत्र जोडावे. नोंदणीनंतर दर आर्थिक वर्षासाठी एलयूटी हे हमीपत्र भरले की निर्यातीच्या बिलावर कर न लावता काम करता येते. बिलाची रक्कम वर्षभरात आली नाही, तर तो कर व्याजासह भरावा लागतो.

हे सगळे निर्यात म्हणून सिद्ध करणारा कागद म्हणजे बँकेचा परकीय रक्कम जमा झाल्याचा दाखला. तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचे काम होत नसेल, तर खाते उघडतानाच कोणती शाखा हे काम पाहते ते विचारून ठेवावे. प्रत्येक रकमेला योग्य परपज कोड (रक्कम कशासाठी आली हे सांगणारा सांकेतिक क्रमांक) लागला आहे का ते तपासावे. सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी तो पी०८०२ आहे. बिलाचा क्रमांक, ग्राहकाचा पूर्ण पत्ता, चलन आणि दाखला एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत.

अमेरिकी ग्राहक पहिल्या पैशाआधी डब्ल्यू-८ बेन हा, आपण अमेरिकेचे करदाते नाही हे सांगणारा, अर्ज मागतो. त्यात परदेशी कर क्रमांकाच्या रकान्यात आपला पॅन लिहावा. काम भारतात बसून केलेले असल्याने त्या उत्पन्नावर अमेरिकेत करकपात होण्याचे कारण नाही. तरीही एखाद्या देशातील ग्राहकाने कर कापलाच, तर त्याच्याकडून कपातीचा पुरावा मागून घ्यावा, कारण दुहेरी करातून सुटका मागताना तो जोडून वेगळा अर्ज भरावा लागतो.